नव्या काचा

टक्.

सकाळच्या शांततेत साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं. आरशासमोर उभ्या असलेल्या तिने न वळताच विचारलं, "कुणासाठी?"

"चोरी नाही करत मी," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "माझ्या चहात घालतेय. तुझ्या गालावर नाही उडायची."

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस गं. तुझी पाठ म्हणते."

तिला हसू आलं. आज येत होतं. तिने एक गाल आरशाकडे वळवला, मग दुसरा. लेकीच्या जन्मानंतर त्या दुखऱ्या, पिकणाऱ्या पुटकुळ्यांनी तिच्या चेहऱ्यावर मुक्कामच ठोकला होता. लेप झाले, मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, औषध चालू ठेवा, पण खाणं सांभाळा, झोप सांभाळा. कुणाला लवकर गुण येतो, कुणाला उशिरा. तिने ते असं काही मनावर घेतलं, की घरातून साखर, दूध, तळण, मैदा एकेक करून तिच्यापुरतं हद्दपार झालं. लेकीबरोबरच दिवा मालवायचा, उजाडताच भरभर चालून यायचं, दिवसभर पाणी. नवरा म्हणायचा, "पाहुणे आले तर काय द्यायचं, काकडी?" पण तोही बिचारा उकडलेल्या भाज्या मुकाट गिळायचा.

आणि आता आरशात गाल कसे सारखे दिसत होते. डाग होते, पण पुसट, पाण्यात रंग विरघळावा तसे.

"चिमे, बघ गं. कमी झालेत ना?"

लेकीने मान वर केली. "खूप कमी." मग समोरचा दुधाचा पेला तिने आजीकडे सरकवला. "मला नको. मी आईसारखं."

"घ्या! हिचं पण आता रोजचंच," सासूबाई म्हणाल्या. "घर आहे का दवाखाना?"

चष्म्याच्या दुकानात तिचं काम पूर्वी पुढे होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचा, काड्या किंचित गरम करून कानामागे वाकवायच्या, आणि समोर बसून म्हणायचं, "आता माझ्याकडे बघा." धूसर जग एकाएकी लख्ख झालं की माणसाचा चेहरा कसा उघडतो, ते बघायला तिला फार आवडायचं. पण त्या नव्या काचांतून त्याला सगळ्यात आधी दिसायचा तो तिचा चेहरा. एकदा एका बाईंनी चष्मा लावला, तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. "हे दुसऱ्याला लागत नाही ना?"

दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रावर. "चेहरा जरा निवळला की ये पुढे," मालक म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. तिच्याकडे न बघता म्हणाले होते.

आज ती सरळ त्यांच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. "मालक, येऊ का आता पुढे?"

मालकांनी वर पाहिलं, लगेच खाली पाहिलं. "ते... आधी नवी फ्रेम घे. आपल्या सगळ्यांनी यंदाची फ्रेम घालायचीय. मॅडमकडून नंबर काढून घे, मग बोलू."

डोळे तपासणाऱ्या मॅडमनी तिचा चष्मा दिव्यासमोर धरला. "अगंबाई! चरेच चरे. यातून तुला दिसतं तरी काय?"

"सवय झालीय."

"नंबर कधी बघितला होतास?"

तिला आठवेना. चिमीच्या आधी असेल. दुकानातल्या माणसाचे डोळे कोण तपासतं?

"तिरका नंबर केवढा वाढलाय. जवळचं, लांबचं, सगळंच फिसकटलेलं दिसत असणार. जगाला चष्मे लावतेस आणि स्वतः धुक्यात फिरतेस होय गं?"

तिलाही हसू आलं.

काचा तिनेच घासल्या. कडा जुळवून फ्रेममध्ये बसवल्या, पुसल्या, चष्मा लावला आणि आरसा पुढे ओढला.

कपाळ. गाल. हनुवटी. लाल, उंचसखल, मधूनच एखादं पिवळं तोंड. सगळं जिथल्या तिथे. उलट जबड्याखाली नवी रांग उतरली होती, ती तिने कधी पाहिलीच नव्हती. तिने चष्मा काढला. गाल सारखे झाले. पुन्हा लावला.

"बसला का नीट?" मालक दारात उभे होते. "ते पुढे यायचं म्हणत होतीस..."

"नको मालक. संध्याकाळच्या काचा राहिल्यात."

"बरं, बरं," ते म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तिला त्यांचीच दया आली.

घरी चिमी दारातच होती. "आई, नवा चष्मा! मालक हो म्हणाले?"

ती खाली बसली. लेकीच्या पापण्या वेगवेगळ्या दिसत होत्या. नाकावर एक बारीकसा तीळ होता. आणि गाल? हिचे गाल कुठे गेले? हनुवटी एवढी टोकदार कधी झाली?

"मीच नको म्हटलं गं. कमी नाही झालेत. मला नीट दिसत नव्हतं."

"मला दिसत होतं," चिमी हळूच म्हणाली.

"मग खूप कमी म्हणायचीस ते?"

"तू हसायचीस ना, म्हणून."

चिमीने तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, दुखेल म्हणून अगदी अलगद.

"साखर सोडली. दूध सोडलं. मी पण सोडलं. आई, आता आपण काय सोडायचं?"