सांगितलं तसंच केलं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटल्याबरोबर तुम्ही वर आकाशाकडे पाहिलंत ना? खाली या. चंद्र-तारे बघणाऱ्या माझ्या बहिणी वेगळ्या. मी काळी, लांबलचक नळी. टोकाला एक दिवा आणि एक डोळा. मी माणसाच्या मोठ्या आतड्यात जाते. हसा, पोट धरून हसा, मला सवय आहे.

माझा जन्म अशा खोलीत झाला की तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझा डोळा बसवला, मला वाकवून, वळवून, पाण्यात बुडवून पाहिलं. मग रबराच्या गुळगुळीत, गुलाबी आतड्यातून मला एक फेरी मारायला लावली. मला वाटलं, आता जन्मभर असाच गुलाबी रस्ता. इस्पितळात पहिल्याच दिवशी खऱ्या पोटात शिरले आणि माझी दातखीळच बसली. चिखल, मित्रांनो, नुसता चिखल! त्यात टोमॅटोच्या बिया. माझ्या डोळ्यावर आणखी काय काय येऊन बसलं ते सांगत नाही, कारण तुमच्यापैकी कुणी जेवत असेल.

माझं काम महत्त्वाचं आहे. आतड्याच्या भिंतीवर कधी कधी एक बारीक गाठ उगवते, वाटाण्याएवढी. ती वेळेवर दिसली तर माझ्याच नळीतून तारेचा फास सोडून काढून टाकता येते आणि माणूस संध्याकाळी घरी जातो. दिसली नाही तर ती वाढते आणि जिवावर उठते. म्हणून आदल्या दिवशी पोट साफ करणारं औषध पाण्यात कालवून प्यायचं असतं, आणि तेव्हापासून अन्नाला शिवायचंही नसतं.

मला चालवायच्या त्या मोठ्या डॉक्टरबाई. हात लोण्यासारखा, जीभ मात्र तिखट. 'ही माझा तिसरा डोळा,' असं त्या पाहुण्या डॉक्टरांना सांगायच्या तेव्हा मी फुशारून जायची. पण चिखल दिसला की त्यांचा पारा चढे.

"औषध प्यायला नाहीत ना?" बाई पेशंटला विचारत.

"बाई, शप्पथ! घोटन् घोट प्यायलो. सांगितलं तसंच केलं."

"मग हे काय आकाशातून पडलं?"

एके दिवशी एक बसड्रायव्हर आला. दणकट गडी, पण चेहरा उतरलेला. शौचावाटे रक्त जात होतं. त्याच्या आतड्यात मी थोडं अंतर गेले आणि पुढे काळोख. बाईंनी पाण्याचे फवारे मारले, काही उपयोग झाला नाही. "स्वच्छ होऊन या," असं म्हणून त्याला परत पाठवलं. तो ओशाळला, मान खाली घालून गेला आणि बरेच महिने फिरकलाच नाही.

दरम्यान बाईंनी संशोधन हाती घेतलं. लोकांची पोटं साफ का होत नाहीत आणि ती कशी व्हावीत, याचा एकदा छडा लावायचा. पेशंटची परवानगी घेऊन चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना फक्त सूचनांचा कागद, आणि निम्म्यांना कागद देऊन वर आदल्या दिवशी फोन. फोन करायच्या आमच्या सिस्टर, माझ्या कपाटाशेजारच्या टेबलावरून.

"आजपासून खाणं बंद. औषध रिकाम्या पोटीच घ्यायचं," सिस्टर ठणकावत.

पलीकडून आवाज येई, "अहो पण सिस्टर, आम्हाला तर..."

"पण नाही नि बिण नाही! मी सांगते तेवढं करा." आणि फोन खाली.

काय सांगू, फोनवाल्यांची पोटं लख्ख! कागदवाल्यांची मात्र तीच रड. बाई हरखल्या. "बघा, लोक कागद वाचतच नाहीत," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग ड्रायव्हर पुन्हा आला. चांगलाच वाळला होता. त्याची चिठ्ठी कागदवाल्यांत निघाली होती. मी आत गेले आणि पुन्हा तोच चिखल. बाईंनी मला बाहेर काढलं आणि त्याच्या बायकोला आत बोलावलं.

"वहिनी, दोनदा झालं हे. कागद वाचला नाहीत का?"

"वाचला की! पण कागदापेक्षा माणसाचं खरं धरलं. तुमच्याच औषधांच्या खिडकीवरचे काका म्हणाले, जेवण झाल्यावर द्या. मागच्या वेळीही तसंच म्हणाले. म्हणून पोटभर जेवू घातलं नि मग औषध दिलं. रिकाम्या पोटी औषध बाधतं ना?"

सिस्टरांच्या हातातला रुमाल खाली पडला. बाईंनी दार उघडलं. समोरच औषधांची खिडकी होती. काका एका म्हातारीला पुडकं देत होते. "जेवण झाल्यावर घ्या हं, आजी." पुढच्या माणसाला दुसरं पुडकं. "जेवण झाल्यावर घ्या हं." कुणाचं पोट दुखू नये म्हणून काका मायेनं प्रत्येकाला हेच सांगत, औषध कुठलंही असो. ते वाक्य आमच्या कानांवर रोज पडत होतं, पंख्याच्या घरघरीइतकंच. मी हादरले, मित्रांनो. सिस्टर फोनवर जे खोडून काढत होत्या, ते आमच्याच खिडकीतून जात होतं.

बाईंनी संशोधन तिथल्या तिथे थांबवलं. काकांना कळलं तेव्हा ते खिडकी बंद करून स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ड्रायव्हरला वॉर्डात ठेवून घेतलं, सिस्टरांनी जवळ बसून औषध पाजलं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आत गेले. आता रस्ता गुलाबी होता. पहिल्यांदा जिथून परत फिरले होते, त्याच वळणापलीकडे ती गाठ होती. वाटाण्याएवढी नव्हे, लिंबाएवढी. माझा तारेचा फास तिच्यापुढे अगदीच तोकडा होता. बाईंनी माझा दिवा तिच्यावर रोखून धरला.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्याला गाठीचं सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "पहिल्या वेळीही होती का हो ही?"

"असणार," बाई म्हणाल्या. "तेव्हा लहान असेल. माझ्याच हातून निघाली असती."

तो छताकडे बघत अगदी हळू म्हणाला, "मी तर सांगितलं तसंच केलं होतं."

त्याचं मोठं ऑपरेशन झालं. तो वाचला, पण आता त्याच्या पोटाला शौचाची पिशवी लावलेली असते आणि बस दुसरा कुणीतरी चालवतो. काका आता प्रत्येक पुडकं दोनदा वाचून देतात. मीही थकले, डोळा अंधूक झाला. माझ्या जागी नवी दुर्बीण आली आणि मी कपाटात लटकत असते. कधी कधी बाई शिकाऊ डॉक्टरांना मला दाखवतात. ड्रायव्हरची गोष्ट सांगताना त्यांची तिखट जीभ अडखळते.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. एवढंच करा. समोरचं माणूस "अहो पण..." म्हणालं की त्याला पुढचं बोलू द्या.