वैद्यबुवांचा काढा

"चेहरा करायचा नाही, हा पहिला नियम," शिंपीकाका म्हणाले. "आवडली तरी नाही, नावडली तरी नाही. चारही बाटल्या चाखून झाल्या की मगच बोलायचं. एक आवडती, एक नावडती. मधल्या दोघींना कोणी विचारत नाही."

"मधल्यांचं असंच असतं," मास्तर म्हणाले. ते तीन भावांतले मधले. हे वाक्य ते दर वेळी म्हणत असावेत, कारण कोणीच हसलं नाही.

ती बाबांच्या स्टुलावर बसली होती. बाबा गेल्यापासून त्यांचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान महिनाभर बंद होतं, पण आत अजून तेलाचा आणि तापलेल्या तारेचा वास होता. भिंतीला टेकून तीन फ्रिज उभे होते, एकाला दार नव्हतं. गिऱ्हाइकं आपापले फ्रिज मागायला येत नव्हती. संकोच वाटत असेल. कोपऱ्यातला जुना फ्रिज मात्र चालू होता. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढून बाबा आणि हे तिघं मित्र इथं बसायचे ते त्याच्याच जिवावर. त्याच्याइतकी गार बिअर गावात कुठं मिळत नाही, असं बाबा म्हणायचे. तेवढीच काय ती त्यांची बढाई.

मास्तर गाडी शिकवायचे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण लेबल कोणी बघायचं नाही, हा दुसरा नियम. कागदावर खडूनं आकडे घातलेले असत. स्टीलच्या पेल्यात, अर्ध्या शटरच्या उजेडात, सगळ्या सारख्याच दिसत.

"आणि तिसरा नियम सांगा तिला," औषधवाले काका म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान पलीकडेच होतं.

"तो तिला माहीत असेल," शिंपीकाका म्हणाले. "जी ज्याला आवडली, तिच्यातली उरलेली त्यानं घरी न्यायची. तुझा बाप त्या निळ्या झाकणाची न्यायचा. जवळजवळ भरलेली. आमच्यापैकी कोणी दुसरा घोट घेतला तर शप्पथ."

"बिअर कसली, काढा तो!" मास्तर म्हणाले. "म्हणून तर वैद्यबुवा म्हणायचो त्याला. वैद्यबुवा, तुमचा काढा तयार आहे, चला."

"इतकी वर्षं एकच पसंती. बायकोला नाही कोणी चिडवलं, तेवढं त्याला चिडवलं आम्ही," शिंपीकाका म्हणाले.

ती हसली. म्हणजे तोंडानं तसं केलं.

तिला निळ्या झाकणाची बाटली घरी न्यायची होती. त्यासाठीच ती आली होती. नाहीतर बाबांच्या मित्रांनी "एकदा येऊन बस आमच्यात" म्हणून निरोप धाडला तेव्हा तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं असतं. उद्या सकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती, तिच्या शहरात, तिच्या नोकरीवर. वर्षातून दोनदा यायची ती, यापुढेही तसंच असणार, हे आई धरून चालली होती. काही मागणं आईच्या स्वभावात नव्हतं. पण आज सकाळी चहा गाळताना, पाठमोरी, ती म्हणाली होती, "दुकानात गेलीस तर ती निळ्या झाकणाची मिळते का बघ."

"कोणासाठी?"

आईनं गाळणं झटकलं. "माझ्यासाठी. कोणासाठी म्हणजे काय?"

मग खाली बसून तिनं सगळं सांगितलं होतं, वर्गात धडा सांगावा तसं. आई शाळेत शिकवते, पहिली-दुसरीच्या मुलांना. अगदी सुरुवातीला बाबांनी ती बाटली कोणाला नको म्हणून घरी आणली होती, मोरीत ओतायला. आई म्हणाली, बघू तरी. आणि तिला आवडली. "दिवसभर पोरांशी गोड बोलून बोलून जीभ चिकट होते गं. ते कडू बरं वाटतं." महिन्यातून एकदा, दांडा तुटलेल्या कपातून. बाबा समोर बसायचे आणि तिचा चेहरा बघायचे.

"पण बाबांना तर तीच आवडायची ना?"

"ह्यांना?" आई पहिल्यांदाच हसल्यासारखी झाली. "एक घोट घेतला की अंगावर काटा यायचा. म्हणून तर अचूक ओळखायचे. जी सगळ्यात वाईट लागेल तिला पहिला नंबर द्यायचा, झालं. आवडायची ती पिवळ्या झाकणाची, हलकी. तिचं नाव नाही काढलं कधी तिथं."

औषधवाल्या काकांची नात आईच्या वर्गात होती. बाईंसाठी म्हणून बिअर कशी मागणार? बाबांनी मागितली नव्हती. त्यांनी वैद्यबुवा होणं पसंत केलं होतं.

"चला, एक नंबर," मास्तरांनी ओतली.

तिनं घोट घेतला. गार होतं. एवढंच. बाबा गेल्यापासून तिच्या जिभेला काही कळत नव्हतं. परवा आमटीत तिनं मीठ दोनदा घातलं होतं आणि आईनं न बोलता खाल्ली होती. सकाळचा चहाही गरम होता, एवढंच. तिला वाटलं होतं, कडू तरी कळेल. कडू कसं कळणार नाही?

"दोन."

गार. जिभेला किंचित टोचणारं. ही पिवळ्या झाकणाची असेल का? बाबांना हिच्यात काय लागायचं? तिनं घोट तोंडात धरून ठेवला आणि भिंतीवर टांगलेल्या फ्रिजच्या दारांच्या रबरांकडे बघत राहिली. बाबा ती फेकायचे नाहीत. त्यांचे तुकडे कापून बाटलीला बुचं करायचे. बाटली घरी पोचेपर्यंत तिच्यातला दम जायला नको.

"गिळ की," शिंपीकाका म्हणाले. "बँकेत ठेवायचीय का?"

तिनं गिळलं. हीच असती तर? किंवा पहिली? चुकीचा आकडा सांगितला तर निळ्या झाकणाची बाटली ह्यांच्यासमोर मोरीत जाणार होती, आणि आई काही बोलणार नव्हती. ते न बोलणं तिला ह्या क्षणी नको होतं. दुसरं काही वाटत नव्हतं, पण ते नको होतं.

"तीन," मास्तर म्हणाले आणि ओतून मागे सरले.

तिनं घोट घेतला. पुन्हा तेच, गार. तिनं पेला खाली ठेवला आणि मान वर केली.

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले होते. औषधवाले काका घसा खाकरत होते, जरा जास्तच. आणि चेहरा करायचा नाही म्हणून ज्यांनी बजावलं होतं, त्या शिंपीकाकांनी तोंड असं वाकडं केलं होतं की दाढेला कळ लागावी. त्यांचा पेला मात्र समोर तसाच भरलेला होता. वरचा फेसही हलला नव्हता. त्यांनी अजून तो उचललाच नव्हता.

कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिघांचीही तोंडं फ्रिजकडे होती.

चौथीचा घोट तिनं घेतला की नाही, तिला आठवत नाही.

"हं, बोल पोरी. आवडती?"

"तीन."

"घ्या!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. कागद फाडला. आत निळ्या रंगाचं लेबल होतं, झाकणासारखंच. "बापाची जीभ उचललीन पोरीनं! अगं, माणसानं वारसा घ्यावा तो दुकानाचा घ्यावा, जिभेचा काय घेतेस?"

"लग्नाला कोण उभं राहील अशा मुलीशी?" औषधवाले काका म्हणाले. "आम्हाला तर जवळच बसवत नाही."

"वैद्यबुवा गेले, वैद्यीणबाई आल्या."

त्यांनी तिला मनसोक्त चिडवलं. तिनं चिडवून घेतलं. मग शिंपीकाकांनी नावडती विचारली आणि तिनं, उगाच, दोन म्हणून सांगितलं. मास्तरांनी तो कागद सोडला तेव्हा लेबल पिवळं निघालं.

निघताना शिंपीकाका उठले. ड्रॉवर कुठला हे त्यांना न विचारताच माहीत होतं. त्यातून रबराचं एक बूच काढून त्यांनी बाटलीला घट्ट बसवलं, बाटली ओल्या कागदात गुंडाळली, पिशवीत घातली.

"सरळ घरी जा," ते म्हणाले. "गार आहे तोवर घ्यायला पाहिजे." कोणी घ्यायला पाहिजे, ते त्यांनी म्हटलं नाही.

घरी आई खिडकीपाशी बसली होती. लाइट लावला नव्हता. पिशवी बघून तिनं आधी दांडा तुटलेला कप धुतला, जरी तो धुतलेलाच होता.

"चिडवलं का?"

"खूप."

"चिडवू दे." तिनं अर्धा कप ओतला आणि हळूहळू, नेहमीच्या कामासारखा, प्यायली. मुलगी समोर बसून तिचा चेहरा बघत राहिली. आईच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली, किंवा तसं वाटलं.

"तुला सापडली कशी?"

"ओळखली."

आईनं मान हलवली. कप रिकामा केला आणि रबराचं बूच घेऊन मोरीपाशी गेली. ते साबणानं धुतलं, पदराला पुसलं. एरवी ते खिडकीत वाळायचं आणि पुढच्या महिन्यात बाबांच्या खिशातून दुकानात परत जायचं.

मुलीची पर्स टेबलावर उघडी पडली होती. वरच उद्याचं तिकीट दिसत होतं. आईनं तिकीट जरा बाजूला सारलं, बूच आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन लावली.