फुलीखालचे ठोके

शिलाई मशीनचं पायडल कुरकुरलं, तशी ती ओल्या हातांनीच धावली. महिनाभर मशीनच्या आवाजाविना घर मुकं होतं.

“बाबा, टाके परवाच निघालेत!”

“ते टाके होते? माझ्याकडे कोणी असं शिवलं असतं, तर सगळं उसवायला लावलं असतं.”

तिने त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. नाडी कुठे लागते ते कळावं म्हणून नर्सने पेनने फुली मारली होती, तिथे बोट टेकवलं. ठोके नीट लागत होते. तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालायला डॉक्टरांनी उजव्या पायातली शीर काढून इथे जोडली होती. आता चालताना उजवी पोटरीही पूर्वीच्या डावीसारखीच भरून येते, हे बाबांनी कालच हळूच तिच्या कानावर घातलं होतं.

पाच वर्षांच्या लेकीनेही फुलीवर बोट ठेवलं.

“आई, त्या पायाने या पायाला शीर दिली ना? मग त्याला लागली तर कोण देणार?”