कौसल्याबाईंचा जबाब

पहिली सळई अश्वजितच्या जबड्यावर बसली. तो शिडीवर चढून फ्लेक्सची दोरी खांबाला बांधत होता. शिडीसकट खाली आला. दुसरी बसली तेव्हा तो गुडघ्यांवर होता आणि सळई घेऊन गोविंदा त्याच्या समोर.

“अजून लाव! चौक तुह्या बापाचा आहे काय बे?”

शिडी धरून उभी असलेली उर्वशी मध्ये पडली. कुणीतरी तिला केसांना धरून मागे खेचलं. फ्लेक्सवर तिचाच फोटो होता. जिनिव्हातल्या एका मानवी हक्क संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप, विमानाच्या तिकिटासकट सगळा खर्च संस्थेचा. खाली अभिनंदन करणाऱ्या अख्ख्या बौद्धपुऱ्याची नावं. अश्वजितनं, तिच्या भावानं, हौसेनं नेरहून छापून आणला होता. खाली पडलेल्या त्या फोटोवर बूट रोवून गोविंदानं तिसरा घाव घातला. रक्ताबरोबर दात रस्त्यावर पडले. पानठेल्यावरची माणसं पाहत होती. एकानंही मोबाइल बाहेर काढला नाही.

नेरच्या दवाखान्यात टाके पडले. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तोंड पट्टीनं आवळलेलं. यवतमाळला न्यायला ॲम्ब्युलन्स यायची होती. तेवढ्यात जबाब घ्यायला पोलीस जमादार आले. त्यांनी उर्वशीला व्हरांड्यात बोलावलं.

“ताई, त्यायचाबी रिपोर्ट आला. तुम्ही दोघायनं गोविंदाले शिव्या देल्या, धक्काबुक्की केली म्हणते. तुमचं नाव आहे त्यात.”

“मी शिडी धरून उभी होते.”

“तेच तर सांगून राह्यलो. तुम्ही साक्ष देली, म्हणजे तिथं होत्या हे तुम्हीच कबूल केलं. मंग तुमचं नाव मले काढता येत नाही. अन् गुन्ह्यात नाव चढलं, की कोर्टाच्या परवानगीबिगर देश सोडता येत नाही. विमान कधी आहे?”

“गुरुवारी.”

“मंग पाहा बाप्पा. दुसरं कोणी होतं काय पाहणारं?”

उर्वशीला पानठेल्यावरचा एकेक चेहरा आठवला. त्यातला एकही इथवर येणार नव्हता.

“मी होती ना. मी पाह्यलं.”

कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. त्या सकाळपासून दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होत्या. पोराला मारल्याचं कळल्यावर तिथूनच धावत आल्या होत्या. अंबाड्याला अजून कापूस चिकटलेला होता.

“आई, तू कुठं...”

“चूप बस तू. लिहा साहेब. गोविंदानं मारलं माह्या लेकाले. काठीनं. चोरासारखा मांगून आला मेला.”

जमादारांनी त्यांच्या केसांकडे पाहिलं. मग उर्वशीकडे. मग लिहायला घेतलं.

काठीनं, मागून. डॉक्टरांनी मात्र जखमा समोरून झालेल्या, लोखंडाच्या लिहिल्या होत्या. केस पाडायला गोविंदाच्या वकिलाला आणखी काही लागणार नव्हतं. निवडीच्या मुलाखतीत उर्वशीला विचारलं होतं, पीडिताची बाजू मांडताना सगळ्यात आधी काय पाहाल? ज्यानं पाहिलं त्यानंच बोललं पाहिजे, असं तिनं ताडकन सांगितलं होतं.

तिनं तोंड उघडलं. आईनं तिचं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली.

“निघ तू इथून,” कौसल्याबाई हळूच म्हणाल्या. “दोघायतलं एक तरी निघू दे.”

उर्वशीनं उघडलेलं तोंड मिटलं.

आत खाटेशी उभं राहून जमादारांनी जबाब मोठ्यानं वाचला. उर्वशी पायथ्याशी होती, भावाच्या पायावर हात ठेवून. काठी, हा शब्द आला तेव्हा अश्वजितनं सुजलेला डोळा उघडला.

“बरोबर आहे ना भाऊ? नुसता हात वर कर.”

तो उर्वशीकडे पाहत राहिला. ती चादरीकडे पाहत होती. बाहेर ॲम्ब्युलन्स लागली, स्ट्रेचर उतरवल्याचा खडखडाट झाला. त्यानं हात वर केला.

कौसल्याबाईंनी अंगठा उमटवला आणि शाई पदराला पुसली.

चादरीखाली अश्वजितनं पाय ओढून घेतला.

“दुखते काय रे?” आईनं विचारलं.

त्यानं डोळा मिटून घेतला. उर्वशीचा हात पायथ्याशी तसाच राहिला, रिकाम्या चादरीवर.