नव्या व्हर्जनचा मुहूर्त

लासुर्ण्याच्या बायकांच्या डेअरीत नवं सॉफ्टवेअर दसऱ्याला सुरू झालं आणि दसऱ्यालाच बंद झालं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चेअरमन द्वारकाअक्कांनी कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि सेक्रेटरी राजलक्ष्मीला म्हणाल्या, उघड आता. राजलक्ष्मीने सहावं व्हर्जन उघडलं, सगळ्यांनी हात जोडले, पेढे वाटले आणि संध्याकाळचं दूध नेहमीसारखं पाचव्या व्हर्जनवर घेतलं. मुहूर्त साधला होता. काम दिवाळीनंतर करायचं होतं.

राजलक्ष्मी बी.कॉम. झालेली. कंपनीची सूचना तिने नीट वाचली होती: नवं व्हर्जन सुरू केल्यापासून दीड महिना जुन्यालाही सपोर्ट मिळेल, तेवढ्यात जुना डेटा नव्यात हलवून घ्यावा. पण मुहूर्त म्हणजे सुरुवात, हे तिच्याच काय, अख्ख्या इंदापूर तालुक्यात कुणाच्या डोक्यात आलं नसतं. साखर कारखान्याचा बॉयलर दसऱ्याला मंत्रांच्या गजरात पेटतो, फोटो पेपरात येतो आणि ऊस पुढे कितीतरी दिवस रानातच उभा असतो. तेवढ्यावरून हंगाम सुरू झाला असं कुणी म्हणत नाही.

दिवाळी आली, बायका माहेरी गेल्या, माघारी आल्या, तुळशीची लग्नं लागली. मग एका सकाळी, चरव्या घेऊन रांग उभी असताना, पाचवं व्हर्जन उघडेना. पडद्यावर एकच ओळ होती: सपोर्टची मुदत संपली आहे.

दूध कागदावर लिहून घेतलं, त्याचं काही नाही. पण डेअरीची निवडणूक तोंडावर आली होती आणि वर्षभर दूध घातल्याची नोंद असेल तीच मतदार, असा संस्थेचा नियम होता. नोंदी सगळ्या पाचव्या व्हर्जनमध्ये. मतदार नाहीत तर निवडणूक नाही, निवडणूक नाही तर प्रशासक बसणार, आणि प्रशासक बसला की ही डेअरी गावच्या मोठ्या संस्थेत विलीन होणार. मोठ्या संस्थेचे चेअरमन हिंदुराव हे अक्कांचे धाकटे दीर. वहिनींच्या जिवाला या वयात त्रास नको म्हणून ते विलीनीकरण सुचवत, तेही जिथं भेटतील तिथं आणि मोठ्या मायेनं. अक्कांनी घरोघर जाऊन, नवऱ्यांची बोलणी खाऊन, दूध बाईच्या नावावर घालायला लावलं होतं. ते सगळं आपल्या हातून गेलं, असं राजलक्ष्मीला वाटलं.

तिने कंपनीला फोन लावला. पुण्याहून मोना नावाची मुलगी बोलत होती, गोड आणि सावकाश. तिने समजावून सांगितलं की तुम्ही नव्या व्हर्जनवर गेलात, म्हणून जुन्याचा सपोर्ट संपला. नव्याचा सपोर्ट डेटा आल्यावर सुरू होतो. आणि डेटा फक्त सपोर्ट चालू असलेल्या जुन्या व्हर्जनमधूनच काढता येतो.

"मग आम्ही आत्ता कुठं आहोत?" राजलक्ष्मीने विचारलं.

मोनाने थोडा विचार केला. "मध्ये," ती म्हणाली.

राजलक्ष्मीने मग बॉयलरची हकीकत सांगितली. मोनाने विचारलं, ऊसच नसतो तर पेटवतात कशाला? दसरा असतो म्हणून, राजलक्ष्मी म्हणाली. मोनाने हे वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांनी पुरावा मागितला. राजलक्ष्मीने दसऱ्याचा फोटो पाठवला. त्यात हाराखाली पडदा झाकलेला होता आणि त्या अवस्थेत कामकाज होऊ शकत नाही, हे कंपनीला पटलं. उत्तर आलं: धार्मिक कारणाने उघडलेलं व्हर्जन सुरू झालं असं धरलं जाणार नाही. येत्या गुरुवारी एक दिवस जुन्याला सपोर्ट देऊ. तारीख बदलून मिळणार नाही.

राजलक्ष्मीने कॅलेंडर पाहिलं. गुरुवारी अमावास्या होती. अमावास्येला अक्का नवी चरवीसुद्धा वापरायला काढत नसत. तिने भीतभीत सांगितलं, तेव्हा अक्का फक्त "बगू" म्हणाल्या आणि वैरण टाकायला निघून गेल्या.

गुरुवारी मोना फोनवर हजर होती. अक्कांच्या आधी हिंदुराव आले. खुर्ची ओढून बसले, चहा मागितला. राजलक्ष्मीला त्यांचा असा राग आला की तिने साखर घातलीच नाही. थोड्या वेळाने अक्का आल्या.

"वहिनी, आज अवस हाय," हिंदुराव हळूच म्हणाले. "आपल्या घरात हे चालत न्हाय. दादा असते तर त्येंनी बी हेच सांगितलं असतं. एक दिस थांबा, उद्या करा."

अक्का उभ्याच राहिल्या. राजलक्ष्मीला वाटलं, संपलं. दिवंगत नवऱ्याचं नाव निघालं की अक्का कधी पुढे बोलत नसत.

"भावजी," अक्का म्हणाल्या, "तुमच्या संस्थेनं आज सकाळी दूध घेतलं?"

"घेतलं की."

"अवसेचं?"

हिंदुरावांनी कप तोंडाला लावला.

"गाईच्या कासंत दूध आलं की धार काढावी लागती, भावजी. त्याला उद्या ये म्हून सांगता येत न्हाय." मग त्या राजलक्ष्मीकडे वळल्या. "त्या पोरीला सांग, कर म्हणावं चालू."

मोनाने चालू केलं. हिंदुरावांचा चहा केव्हाच संपला होता, तरी ते कप तोंडाला लावून बराच वेळ बसले होते. दुपारपर्यंत वर्षभराच्या सगळ्या नोंदी हलल्या. संध्याकाळी बायका चरव्या घेऊन आल्या आणि अमावास्येचं दूध सहाव्या व्हर्जनवर, जिच्या-तिच्या नावावर घातलं गेलं.