चोवीस टोप्या

मैनाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव तिच्या गाईडच्या ओळखपत्रावर आहे, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही. सकाळी बंदराच्या जुन्या दरवाजापाशी उभं राहून तिचं तोंड एकदा सुरू झालं की ते संध्याकाळीच मिटायचं, म्हणून ती मैना. तिचा नवरा म्हणायचा, "घरी येते तेव्हा तिचा घसा बसलेला असतो, म्हणून आमचा संसार टिकला."

उन्हाळ्याचे तीन महिने त्या शहरात पाहुण्यांची नुसती रीघ. सकाळी मंडळी समुद्रात डुंबायची आणि दुपारपर्यंत पाठी भाजून घ्यायची. ऊन सोसेना झालं की जहाजांच्या संग्रहालयात शिरायची, कारण तिथे पंखे होते. जहाजांकडे कोण बघतंय! बाराला तोफ उडायची. "आता उडणार हं, कान झाका," असं दहादा सांगूनही सगळे टुणकन उडी मारायचेच. दीपगृहाला दोनशे अकरा पायऱ्या. बायकोला दाखवायला म्हणून पुरुष धावत निघायचे आणि ऐंशीव्या पायरीवर बसून "काय सुंदर देखावा आहे" म्हणायचे. तिथून दिसायची फक्त भिंत.

पण खरी मजा पाणकोटाची. समुद्रात अर्धा कोस आत एक जुना कोट, आणि किनाऱ्यापासून तिथवर दगडी वाट. ओहोटीला ती वाट उघडी पडायची, भरतीला पाण्याखाली जायची. समुद्राच्या तळातून चालत जायचं आणि चालत यायचं, यासाठी लोक लांबून लांबून यायचे. दिवसाला तीन तास मिळायचे, फार तर साडेतीन. त्यात माणसं नेणं, दाखवणं आणि वेळेत परत आणणं हे सगळं गाईडच्या डोक्यावर.

बाकीचे गाईड माणसं मोजायचे. मैनाताई टोप्या मोजायची. तिने स्वतः शिवलेल्या चोवीस नारिंगी टोप्या होत्या. वाटेवर पाऊल ठेवण्याआधी माणशी एक टोपी, परत आल्यावर टोपी टोपलीत. माणसं काही एका जागी उभी राहत नाहीत, एक फोटो काढतो, दुसरा बुटातली वाळू झाडतो, मोजायचं कसं? टोप्या कशा गुमान टोपलीत पडतात. चोवीस गेल्या, चोवीस आल्या, झालं काम. तेराव्या वर्षापर्यंत एकदाही चूक नाही. इतर गाईड हसायचे तेव्हा ती म्हणायची, "हसा, हसा. माझं माणूस कधी हरवलंय का ते दाखवा." कुणाला दाखवता यायचं नाही, मग हिचं नाक आणखी वर.

त्या दिवशी तिच्याबरोबर बरोबर चोवीस माणसं होती. त्यात एक म्हातारी होती, एकटीच आलेली. खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला, आणि प्रश्न तर असे की मैनेलाही तोंड मिटावं लागलं. "इथे तोफांची दारू ठेवायचे, ती ओलसर नाही का व्हायची?" "एवढे दगड आणले कुठून?" "शिपाई आजारी पडला तर?" मैनाताई मनातल्या मनात म्हणाली, ही बाई दुसऱ्या जन्मी वकील होणार. तोंडाने म्हणाली, "आजी, सगळं सांगते, जरा पुढे चला."

साडेतीनला तिने शिटी वाजवली आणि मंडळी परत निघाली. किनाऱ्यावर आली तोवर वाटेच्या कडेचे दगड भिजायला लागले होते. टोप्या टोपलीत पडल्या. मोजल्या. चोवीस. मैनाताईने रोजचं भाषण म्हटलं, संध्याकाळची नावेची सफर, दीपगृह, शंखशिंपल्यांचा बाजार, कोणाला काय बघायचंय ते सांगितलं, आणि माणसं पांगली. ती धक्क्याच्या पायरीवर टेकली, बाटलीतलं पाणी प्यायली, पायातले बूट काढले.

तेवढ्यात एक बाई लगबगीने आली. पस्तिशीची असेल, चेहरा उन्हाने लाल झालेला. तिला मैनाताईने सकाळपासून पाहिलेलंच नव्हतं.

"ताई, तुमच्या गटातल्या त्या आजी कुठल्या बाजूला गेल्या? त्यांचे आभार मानायचे राहिले."

"कुठल्या आजी?"

"कापडी पिशवीवाल्या. मी एकटीच गेले होते कोटावर, टोपी घरी विसरले. तटावर मला अगदी भोवळ यायला लागली. त्यांनी स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाल्या, मी आत सावलीत बसते, तू घाल. परत येताना तुमची मंडळी टोपलीत टोप्या टाकत होती, म्हणून मीही टाकली."

मैनाताईने टोपलीकडे पाहिलं. चोवीस. त्यातली एक या बाईची. म्हणजे माणसं तेवीस.

 बाटली हातातून सुटून पायरी-पायरीने गडगडत खाली गेली. तेरा वर्षं! तेरा वर्षं जिच्या जोरावर मिरवलं, ती टोपी माणसाशिवाय परत आली होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हातारी आत राहिली."

वाटेच्या तोंडाशी पाणी चढलं होतं. कोटावरच बसून राहिली असती तर भीती नव्हती, कोट उंच होता. पण एकट्या राहिलेल्या माणसाला बसवतं का? माणसं दिसली नाहीत की ते वाटेला लागणारच. आणि अर्ध्यावर ती वाट काळ्या खडकामागे वळत होती, किनाऱ्यावरून पुढचं काही दिसत नव्हतं. म्हातारी कोटात आहे की वाटेवर, की आणखी कुठे, हे इथून कळायला मार्ग नव्हता.

धक्क्याच्या पलीकडे तिचा धाकटा दीर आपल्या होडीला निळा रंग देत बसला होता. संध्याकाळी तो त्याच होडीतून पाहुण्यांना कोटाभोवती फिरवायचा. अनवाणी धावत येणारी वहिनी पाहून त्याला चेव चढला.

"काय वहिनी, आज पाहुणे तुम्हालाच सोडून पळाले की काय?"

"भावोजी, होडी काढा. माझं माणूस राहिलंय, एक म्हातारी."

एरवी या दिराने त्यावर चार विनोद केले असते. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि ब्रश डब्यात टाकला. "रंग ओला आहे, कुठेही धरू नका," एवढंच म्हणाला. दोघांनी होडी ढकलली. ढकलायची म्हणजे धरायलाच लागते, तेव्हा दोघंही कोपरापर्यंत निळी झाली. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं.

मैनाताई होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेवर उभी.  दीर मागून म्हणाला, "वहिनी, बसा. तुम्ही पडलात तर दोघींना शोधावं लागेल मला." ती बसली नाही. मनात एकच चाललं होतं. एकटी आली होती ती. बरोबर लेक असती, सून असती, नवरा असता, तर कुणीतरी म्हटलं असतं ना, आमची आई कुठाय! हिला विचारायला कुणी नव्हतं. हिला मोजणारी या जगात आज मी एकटी होते, आणि मी चिंध्या मोजत बसले.

खडकाला वळसा घातला. कोटाच्या तटावर कुणी नव्हतं, दरवाजातही कुणी नव्हतं. वाट पाण्याखाली दिसेनाशी झाली होती. 

"ती बघा!" दीर ओरडला.

वाटेच्या मधोमध भरतीची उंची दाखवणारा एक लाकडी खांब होता. त्या खांबाला मिठी मारून म्हातारी उभी होती. पाणी कमरेच्या वर. कापडी पिशवी डोक्यावर आणि तिचा पट्टा दातांत धरलेला. लाट आली की ती डोळे घट्ट मिटायची, लाट गेली की उघडायची. एक चप्पल शेजारीच पाण्यावर तरंगत होती.

दिराने होडी खांबाला लावली. मैनाताईने काठावरून वाकून म्हातारीला काखेत धरलं. पण ती खांब सोडेना.

"आजी, सोडा. मी धरलंय."

म्हातारीने मान हलवली. नाही.

"आजी, शपथ, मी धरलंय तुम्हाला. आता सोडणार नाही."

मग बोटं एकेक करून सुटली. दोघांनी तिला ओढून आत घेतलं. तिघंही होडीच्या तळात एकमेकांवर पडली, भिजलेली, निळ्या रंगाने माखलेली. म्हातारीने तोंडातला पट्टा काढला, दोनचारदा खोकली, आणि पहिलं वाक्य बोलली.

"काय गं, होतीस कुठे? ओरडून ओरडून घसा गेला माझा!"

आवाज तो कसला, नुसती हवा. मैनाताईने तिला छातीशी धरलं आणि रडायलाच लागली. बोलणाऱ्या बाईचं रडणंही मोठं असतं. दीर इंजिनाकडे तोंड करून बसला आणि उगीचच त्याची एक वायर नीट करत राहिला.

सावरल्यावर म्हातारीने सांगितलं. दारूच्या कोठारात गारवा होता, जरा टेकली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा चिटपाखरू नव्हतं. "मी म्हटलं, पुढे गेली असतील, गाठते. निम्म्यात आले तर पुढेही पाणी, मागेही पाणी. हा खांब दिसला, धरला. मनात म्हटलं, घाबरायचं नाही. ती मुलगी मोजून नेते माणसं, एक कमी भरलं की येईलच."

मैनाताईला ते ऐकवेना. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. दीर काही बोलणारा नव्हता. पण तिच्या जिभेला गप्प बसायची सवय कुठे होती, आणि आज तर गप्प बसणं पाप होतं.

"आजी, मी मोजलं नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली. "मी टोप्या मोजते. टोप्या चोवीस भरल्या, मी बूट काढून पाणी पीत बसले. तुमची आठवणसुद्धा नव्हती मला."

म्हातारीने तिच्याकडे वळून पाहिलं. ओल्या केसांतून पाणी निथळत होतं.

"मग आलीस कशी?"

"एक बाई आली. तुम्ही तिला टोपी दिलीत ना, तिला तुमचे आभार मानायचे होते. तुम्हाला शोधत माझ्याकडे आली, तेव्हा कळलं."

"कुठली बाई?" म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. मग आठवलं तिला. "अगंबाई, ती होय! तिचं डोकं तापलं होतं गं. दिली टोपी. त्यात काय आभार मानायचे?"

होडी धक्क्याला लागली तेव्हा ती बाई तिथेच उभी होती. धक्क्यावर आता बरीच गर्दी जमली होती, पण सगळ्यांच्या पुढे ती, गुडघाभर पाण्यात उतरलेली. म्हातारीला उतरवून घ्यायला तिनेच हात पुढे केले. आपली ओढणी काढून तिच्या अंगावर घातली, तिला पायरीवर बसवलं, आणि मग तिच्यासमोर उकिडवी बसली. एवढं सगळं घडून गेलं होतं. तरी ज्यासाठी आली होती तेच बोलली.

"आजी, टोपीबद्दल आभार मानायचे होते."

म्हातारीला हसू आलं आणि रडूही आलं. तिने त्या बाईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बाळ, माझ्या तर लक्षातही नव्हती गं टोपी."

मैनाताई शेजारी उभी होती. तिच्या मनात एक प्रश्न मघापासून टोचत होता, उत्तराची भीतीही वाटत होती. तरी तिने विचारला.

"तुम्ही टोपी टाकून तशाच निघून गेला असतात तर?"

"निघालेच होते," ती बाई म्हणाली. "बसमध्ये जाऊन बसलेसुद्धा होते. खिडकीची जागा मिळाली होती. मग म्हटलं, दोनच शब्द बोलायचे आहेत, त्याचा कंटाळा कसला करायचा? म्हणून उतरले. बस गेली माझी."

 मैनाताईने समुद्राकडे पाहिलं; खडकामागे त्या खांबाचं आता वरचं टोक तेवढं उरलं असणार.

रोज फेरी संपली की मैनाताई पाहुण्यांना एक वाक्य म्हणायची. "तुम्ही आलात, माझं ऐकलंत, मी तुमची मनापासून आभारी आहे." हजारो वेळा म्हटलं होतं, झोपेतही म्हटलं असतं. आज तिने त्या दोघींकडे पाहिलं आणि तेच वाक्य म्हणायला घेतलं, दुसरं तिला येतच नव्हतं.

"तुम्ही आलात..." ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना. पुन्हा सुरुवात केली. "तुम्ही आलात..."

म्हातारीने तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी पायरीवर बसवलं.

"सावकाश बोल," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आम्ही दोघी ऐकतोय."