गाडीमालकाशीच बोलू

क्लिफर्ड ऑर्मरॉडने इंग्लंडमधल्या बर्नलीच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं बस चालवली आणि तेवढ्या काळात त्याच्या लायसन्सवर एकही डाग पडला नाही. हे तो लग्नात सांगायचा, मयतीला सांगायचा, पबमध्ये तर सांगायचाच. त्याच्या बायकोचे, मॉरीनचे, कान किटले होते. आता तो तेच पुन्हा सांगेल तर ती मुकाट्याने शंभर वेळा ऐकेल अशी वेळ आली होती, कारण गेल्या हिवाळ्यात क्लिफला अर्धांगाचा झटका आला आणि त्यात त्याची वाचा गेली.

गेली म्हणजे सगळी नाही. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, पेपरही हळूहळू वाचता यायचा. तोंडातून शब्द काढायचा म्हटला की मात्र गाडी रुतायची. शिल्लक काय राहिलं, तर एकापासून वीसपर्यंतचे आकडे, महिन्यांची नावं, आपल्या बसमार्गाचे सगळे थांबे ओळीने, आणि एक शिवी. शिवी अगदी स्वच्छ यायची. हो आणि नाही हे दोन शब्दही होते, पण त्यांचा भरवसा नव्हता. चहा हवा असला की तो "नाही" म्हणायचा आणि कप पुढे करायचा. त्यामुळे घरात कुणी त्याच्या तोंडाकडे बघत नसे, डाव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत. अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. अंगठा कधी चुकत नसे.

त्याला बोलायला शिकवायला समीना नावाची मुलगी होती. दर मंगळवारी मॉरीन त्याला तिच्या दवाखान्यात घेऊन जायची. मागे मोटारी लावायला जागा, ती एका खासगी कंपनीने चालवायला घेतलेली. आत शिरताना कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो, मग दवाखान्यातल्या पडद्यावर आपण गाडीचा नंबर टाकायचा, की पार्किंग फुकट. मार्चमधल्या एका मंगळवारी क्लिफचा पाय दारात अडखळला, त्याला सावरता सावरता मॉरीनने एका हाताने नंबर टाकला तो जुन्या गाडीचा. ती गाडी त्यांनी सोळा वर्षं वापरली होती, नंबर बोटांत बसला होता. नवी घेऊन वर्षही झालं नव्हतं.

आठवडाभराने पत्र आलं. शंभर पौंड. लवकर भरलेत तर साठ. आणि पत्र आलं क्लिफच्या नावाने, कारण गाडी त्याच्या नावावर होती. ज्या माणसाला स्वतःच्या कोटाचं बटण लावता येत नव्हतं, त्याने म्हणे गाडी बेकायदा उभी केली.

मॉरीन पत्र घेऊन शेजारच्या नेव्हिलकडे गेली. नेव्हिलला सगळ्यातलं सगळं कळतं.

"अगं मॉरीन, हा काय पोलिसांचा दंड आहे का? खासगी मंडळी आहेत ही. नुसती भीती घालतात," नेव्हिल म्हणाला. "टाक रद्दीत. माझ्या मेव्हण्याकडे एवढी पत्रं आहेत की संडासाच्या भिंतीला चिकटवली तरी उरतील."

"आणि आले दारात तर?"

"आले तर चहा दे त्यांना आणि परत पाठव. उत्तर द्यायचंच नाही. उत्तर दिलंस की अडकलीस."

या गावात निम्म्या घरांतून हाच सल्ला दिला जातो आणि तोही अशा थाटात की जणू देणाऱ्याने वकिली केली आहे. एके काळी तो खराही होता. मधे कायदा बदलला, पण ते नेव्हिलला कुणी कळवलं नाही. मॉरीनने पत्र रद्दीच्या डब्यात टाकलं. दुसरंही टाकलं. तिसरं आलं ते वसुली कंपनीचं, वर लाल अक्षरं, आकडा एकशेसत्तर. तेही तिने टाकलं आणि वर बटाट्याची सालं टाकली.

ते क्लिफने बाहेर काढलं. ती कपडे वाळत घालून आत आली तर हा स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला, एका हाताने कागदाच्या सुरकुत्या काढत. सालं बाजूला नीट मांडून ठेवलेली. त्याने एकेका ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं आणि ‘क्लिफर्ड ऑर्मरॉड’ या नावावर बोट आपटलं.

"माझी चूक आहे रे," मॉरीन म्हणाली. "मी जुना नंबर टाकला. आपण भरून टाकू, विषय संपेल."

अंगठा खाली. इतका खाली की टेबलात घुसतोय असं वाटलं.

"बरं, नाही भरत. रद्दीत टाकू."

अंगठा खालीच. मग त्याने टेलिफोनकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

तिला कळलं. त्याला सुटका नको होती, त्याला सांगायचं होतं. क्लिफर्ड ऑर्मरॉडने चुकीच्या जागी गाडी लावलेली नाही, हे समोरच्या माणसाला सांगून त्याच्याकडून लिहून घ्यायचं होतं. झटका आल्यापासून त्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. आधीचे सगळे महिने तो दिलं ते खात होता, बसवलं तिथे बसत होता. मॉरीनला आनंदाने रडायला आलं आणि मग लगेच धसकाही बसला, कारण हे आता तिला करून दाखवायला हवं होतं.

तिने आधी आपणच वसुली कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

"मी फक्त गाडीमालकाशीच बोलू शकते, मॅडम. माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे."

"अगं बाई, ते माझे यजमान आहेत. त्यांना बोलता येत नाही."

"मग त्यांनी स्वतः फोनवर येऊन तशी परवानगी द्यावी."

"बोलता येत नाही असं सांगितलं की मी आत्ता."

"हो मॅडम, मला कळतंय. पण परवानगी त्यांनीच द्यायला हवी."

मॉरीनने पत्र लिहिलं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. उत्तर आलं, क्लिफच्या नावाने, की तिसऱ्या व्यक्तीशी पत्रव्यवहार करता येत नाही. मग तिने कंपनीचा परवानगीचा कागद मागवून घेतला. क्लिफने डाव्या हाताने जीव खाऊन सही केली. ती ‘अस्पष्ट’ म्हणून परत आली. वकिलाकडून अधिकारपत्र करून घ्यायला महिने लागणार होते आणि पैसे न भरल्यास कंपनी कोर्टात जाईल ती तारीख पत्रात ठळक छापलेली होती. नेव्हिल म्हणाला, "मी सांगितलं होतं, उत्तर देऊ नकोस म्हणून." मॉरीनने त्याच्या तोंडावर दार लावलं. चाळीस वर्षांच्या शेजारात हे पहिल्यांदाच झालं.

उरला तो फोन. नाव आणि जन्मतारीख. तेवढी ओळख पटली की ते बोलतात, हे मॉरीनने नीट विचारून घेतलं होतं; परवानगीही त्यातच आली असं तिने धरलं.

समीनाने मनावर घेतलं. गुडघ्यावर ताल धरून, गाण्यासारखं ओढून ओढून ती क्लिफकडून नाव म्हणून घेऊ लागली. पहिल्या मंगळवारी ‘क्लि’ आलं. मग घरी सकाळ-संध्याकाळ तेच. न्हाणीघरातून, जिन्याखालून, बागेतून त्याचा आवाज यायचा. कधी नावाऐवजी बसचे थांबे सुरू व्हायचे आणि पार डेपोपर्यंत जाऊनच थांबायचे, मग शिवी, मग पुन्हा पहिल्यापासून. तारखेसाठी समीनाने युक्ती काढली. तारीख नऊ, तर एकपासून मोजत नवावर थांबायचं. महिना मार्च, तर जानेवारीपासून निघायचं. जन्मसालाचा त्रेपन्न हा आकडा मात्र वेगळा घोटून घ्यावा लागला. एका रविवारी दुपारी त्याने सगळं ओळीने म्हटलं आणि मॉरीनने मटण-पाई आणि बटाट्यांची अख्खी थाळी त्याच्यापुढे ठेवली, पथ्यबिथ्य गुंडाळून ठेवून.

सोमवारी सकाळी क्लिफने दाढी केली, मॉरीनकडून टाय बांधून घेतला. फोनवर कोण बघणार, असं मॉरीन बोलली नाही. तिने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. बराच वेळ संगीत वाजलं, मग जेमा नावाच्या मुलीचा आवाज आला.

"गाडीमालक बोलताहेत का? आपलं पूर्ण नाव सांगाल?"

क्लिफने गुडघ्यावर ताल धरला. "क्लि-फर्ड," तो म्हणाला. "ऑर्म-रॉड."

"धन्यवाद. जन्मतारीख?"

"एक, दोन, तीन, चार," क्लिफ म्हणाला. मॉरीनने टेबलाची कड घट्ट धरली. पलीकडची पोरगी थांबली, बिचारीने मधे तोंड घातलं नाही. "आठ. नऊ." मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मग त्याने मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "त्रेपन्न."

"छान, मिस्टर ऑर्मरॉड. ओळख पटली. काय मदत करू?"

"मी सांगते," मॉरीन घाईने म्हणाली. "मी त्यांची बायको. ते आजारी—"

"एक मिनिट मॅडम. मिस्टर ऑर्मरॉड, या बाईंनी तुमच्या वतीने बोलावं याला तुमची परवानगी आहे का? फक्त हो किंवा नाही म्हणा."

एवढी तयारी केली, पण या प्रश्नाची कुणी केली नव्हती. क्लिफ हसला. त्याला वाटलं, जिंकलो. अंगठा ताठ वर करून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "नाही."

"नाही?"

"नाही," क्लिफ म्हणाला. अंगठा आणखी वर.

"त्यांना हो म्हणायचंय," मॉरीन म्हणाली. "त्यांचं उलटं होतं. त्यांचा अंगठा वर आहे, बाई, मी बघतेय ना."

"मॅडम, मला अंगठा दिसत नाही. तुम्ही कृपा करून मधे बोलू नका." जेमाचा आवाज आता बदलला होता. खालचा झाला होता, मायेचा. "मिस्टर ऑर्मरॉड, घाबरू नका. हा फोन करायला तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का?"

क्लिफला आपलं काय झालं ते कळलं होतं. त्याचा अंगठा झर्रकन खाली गेला. त्याने ओठ आवळले, तो शब्द आत कोंडून धरायचा प्रयत्न केला, मान हलवली, आणि तरी तो निसटला.

"हो."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"मी तशी नोंद करून ठेवते," जेमा म्हणाली. "यापुढे तुमच्या खात्याबद्दल दुसऱ्या कुणाचाही फोन आम्ही घेणार नाही, काळजी करू नका. घरात त्रास होत असेल तर एक मदतीचा नंबर देते. लिहून घेता येईल का तुम्हाला?"

क्लिफने शिवी दिली. अगदी स्वच्छ. जेमाने नंबर दोनदा सांगितला, कोर्टाची तारीख मात्र आहे तीच राहील असंही सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या मुलीचा मॉरीनला राग येईना, हेच तिला सहन होईना. ती वाईट वागली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारा घरात छळ सोसतोय म्हणून तिचा जीव तुटला होता आणि छळणारी म्हणून कुठल्यातरी संगणकात मॉरीनचं नाव चढलं होतं. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली होती.

क्लिफ टाय ओढत राहिला. एका हाताने गाठ सुटेना. मॉरीन उठली तेव्हा त्याने तिला हात लावू दिला नाही.

"कोर्टात जा," नेव्हिल कुंपणावरून म्हणाला. तिने त्याच्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं होतं, दुसरं होतं कोण. "न्यायाधीशाला दिसेल की अंगठा."

दिसेल, नाही असं नाही. पण त्याआधी चार परकी माणसं क्लिफला हो की नाही विचारतील, तो टाय लावून उभा राहील आणि तोंडातून काय बाहेर पडेल हे त्यालाही माहीत नसेल. हे पुन्हा एकदा बघायचं मॉरीनच्या अंगात बळ नव्हतं. तारखेच्या आदल्या दिवशी क्लिफ झोपला असताना तिने वसुली कंपनीला फोन लावला. रक्कम भरायची असेल तर एक दाबा, यंत्र म्हणालं. तिने एक दाबला. पत्रावरचा क्रमांक टाकला, कार्डाचा क्रमांक टाकला. आपण कोण, हे तिला कुणी विचारलं नाही. कार्ड तिचं होतं, ओळख पटायची भानगड नाही, परवानगी नाही. चहाचं आधण येण्याआधी काम झालं आणि यंत्राने आभार मानले.

पावती पोस्टाने आली. क्लिफच्या नावाने. ती पोचायच्या आत पोस्टमन गाठायचा असं मॉरीनने ठरवलं होतं, पण त्या दिवशी तो लवकर आला आणि ती आंघोळीला गेलेली. क्लिफने पावती एका बाजूला घडी करून ठेवली होती. ती समोर येऊन बसली. आपण का भरले ते तिने सांगितलं, दोनदा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, ते त्याने हलवले नाहीत.

मंगळवारी दवाखान्यात तिने नव्या गाडीचा नंबर टाकला, वाचला, परत वाचला. आत समीना खुर्ची पुढे ओढून बसली.

"फोनचं राहू दे," ती म्हणाली. "नाव तर आलं ना तुम्हाला? ते कुठे जाणार नाही. चला, नावापासून सुरू करू."

तिने त्याच्या गुडघ्यावर ताल धरला. क्लिफ खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघत राहिला. नाव त्याला येत होतं. परवा झोपेतही त्याने ते म्हटलेलं मॉरीनने ऐकलं होतं. समीनाने पुन्हा ताल धरला, मग आणखी एकदा.

"क्लिफर्ड ऑर्मरॉड," शेवटी मॉरीन म्हणाली.

"तुम्ही नका सांगू, मॉरीन," समीना हळूच म्हणाली. "मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय."